बुडालेल्या जहाजांचा फैसला

तर्ककोडे सोडवावयास बसलेल्या सुशिक्षित माणसाला सर्वांत अधिक दगा कोण देत असेल, तर ते त्याचे वाचन. ऐतिहासिक जहाजांच्या बुडण्यावर रचलेले एक कोडे काही वर्षांपूर्वी प्रस्तुत लेखकाच्या हाती आले, तेव्हा ‘एम्प्रेस ऑफ आयर्लंड’ हे नाव दृष्टीस पडताक्षणी, हे जहाज आयर्लंडच्याच पाण्यात बुडाले असले पाहिजे, असा निर्वाळा मनाने परस्पर देऊन टाकला. त्या खान्यात बरोबरची खूण झाली. आणि त्या एका खुणेच्या भरवशावर पुढील अर्ध्या तासात जी इमारत उभी राहिली, ती शेवटच्या सूचनेपाशी येऊन अशी काही कोसळली की, खोडरबराने कागदाला भोक पडेपर्यंत घासूनही मूळ चूक कोणत्या खान्यातून शिरली याचा थांग लागला नाही. साक्षीपुराव्यावाचून दप्तरात चढलेली एक नोंद पुढच्या शंभर नोंदी कशा नासवते, याचा धडा त्या दिवशी मिळाला. आणि त्याच धड्याच्या आधारे, अशा कोड्याचा उलगडा शिस्तीने कसा करावा, हे येथे एक प्रत्यक्ष कोडे सोडवून दाखवण्याचा विचार आहे.

कोड्याचा मजकूर असा. पाच जहाजे आहेत: ‘वासा’, ‘बटाव्हिया’, ‘एम्प्रेस ऑफ आयर्लंड’, ‘लुसिटानिया’ आणि ‘रामदास’. ती १६२८, १६२९, १९१४, १९१५ आणि १९४७ या पाच साली, प्रत्येक साली एक याप्रमाणे, बुडाली. बुडण्याची कारणेही पाचच: वाऱ्याच्या झोताने कलंडणे, प्रवाळाच्या खडकावर आदळणे, दुसऱ्या जहाजाशी टक्कर होणे, पाणतीर लागणे आणि वादळी लाटेत सापडणे. स्थळे पाच: स्टॉकहोमचे बंदर, पश्चिम ऑस्ट्रेलियाजवळची बेटे, कॅनडातील सेंट लॉरेन्स नदी, आयर्लंडचा दक्षिण किनारा आणि मुंबई ते रेवस हा जलमार्ग. प्रत्येक जहाजाचे साल, कारण आणि स्थळ निश्चित करावयाचे आहे. सूचना सहा दिल्या आहेत.

१. टक्कर होऊन बुडालेल्या जहाजाच्या बरोबर पुढील वर्षी पाणतीराने एक जहाज बुडाले.

२. झोताने कलंडलेल्या जहाजाच्या बरोबर पुढील वर्षी प्रवाळाच्या खडकावर एक जहाज फुटले.

३. ‘वासा’ बुडाल्याच्या बरोबर पुढील वर्षी ‘बटाव्हिया’ बुडाले. ‘लुसिटानिया’ हे ‘बटाव्हिया’ आणि ‘एम्प्रेस ऑफ आयर्लंड’ या दोहोंच्या नंतर, परंतु ‘रामदास’च्या आधी बुडाले.

४. टक्कर सेंट लॉरेन्स नदीत झाली. टक्कर झालेले जहाज ‘वासा’ नव्हे.

५. स्टॉकहोमच्या बंदरात बुडालेल्या जहाजाला खडक लागला नव्हता, पाणतीर लागला नव्हता, आणि ते वादळी लाटेतही सापडले नव्हते.

६. आयर्लंडच्या किनाऱ्याजवळचे जहाज ऑस्ट्रेलियाजवळच्या जहाजानंतर, परंतु मुंबई–रेवस मार्गावरच्या जहाजाआधी बुडाले.

ज्या वाचकाला स्वतःचा हात चालवून पाहावयाचा असेल त्याने येथेच थांबावे, आणि पुढील मजकूर झाकून ठेवून कागद-पेन्सिल घ्यावी. डोक्यात सोडवतो, असे मात्र कोणी म्हणू नये. पाच जहाजांना पाच साले लावण्याचे १२० प्रकार, कारणे लावण्याचे १२०, स्थळे लावण्याचेही १२०. तिन्हींचा गुणाकार केला की १७,२८,००० मांडण्या होतात, आणि त्यांतून सतरा लक्ष सत्तावीस हजार नऊशे नव्याण्णव बाद करून एक शिल्लक ठेवावयाची असते. इतक्या मोठ्या बाकीचा हिशोब स्मरणशक्तीवर सोपवणे म्हणजे सावकाराने वही न ठेवता कर्जे वाटण्यापैकीच आहे.

यास्तव पहिले काम तक्ता आखण्याचे. डाव्या बाजूस पाच जहाजे एकाखाली एक लिहावीत. माथ्यावर साले, कारणे आणि स्थळे यांचे पाच-पाच रकान्यांचे तीन गट आडवे मांडावेत. आणि जहाजांच्या खालीच स्थळे व कारणे पुन्हा एकदा उभी लिहून कारण-साल, स्थळ-साल आणि स्थळ-कारण असे आणखी तीन चौक तयार करावेत. एकूण सहा चौक आणि दीडशे खाने होतात. नवखा मनुष्य वरचे तीन चौक आखतो आणि खालचे तीन आळसाने सोडून देतो. वस्तुतः निम्म्या सूचना जहाजाचे नावही न घेता कारणाचा सालाशी किंवा स्थळाचा कारणाशी संबंध सांगत असतात, आणि त्यांची नोंद करावयास जागाच नसली म्हणजे त्या कानाआड होतात. आपल्या कोड्यातील पहिल्या दोन सूचनांत एकाही जहाजाचे नाव नाही, हे वाचकाच्या लक्षात आलेच असेल.

खुणा दोनच वापराव्यात. निश्चित संबंधाला बरोबरची खूण, अशक्य संबंधाला फुली. एका चौकात एक होकार सिद्ध झाला की त्याच ओळीतील चार आणि त्याच रकान्यातील चार मिळून आठ खान्यांत फुल्या आपोआप पडतात, आणि त्या त्याच क्षणी मांडून टाकाव्यात. कारण होकार लिहून नकार लिहावयाचे राहून गेले, तर पुढे त्या रिकाम्या खान्याकडे पाहून तेथे अद्याप काही शक्यता शिल्लक आहे असा भ्रम होतो. आणखी एक सवय फार उपयोगी पडते: प्रत्येक खुणेच्या कोपऱ्यात, ती ज्या सूचनेच्या आधारे केली तिचा अनुक्रमांक बारीक अक्षरात टिपावा. ज्या खुणेला असा क्रमांक देता येत नाही, ती खूण आपण पुराव्यावर केलेली नाही, हे तत्काळ उघड होते. आयर्लंडचा तो दुर्दैवी खाना मी असा क्रमांक लावूनच भरला असता, तर कागदाला भोक पडण्याचा प्रसंग आला नसता.

नावांच्या बाबतीतही सावधगिरी हवी. नाव हा मालकाने दिलेला शब्द असतो. त्यावरून जहाजाचा जन्म, प्रवास किंवा अंत यांपैकी काहीच सिद्ध होत नाही. शरावतीच्या धबधब्यावरून, म्हणजे आपण ज्याला गिरसप्पा म्हणतो त्यावरून, नाव दिलेली एक ब्रिटिश आगबोट कलकत्त्याहून चांदी घेऊन निघाली, ती १९४१ साली जर्मन पाणबुडीने आयर्लंडच्या नैऋत्येस अटलांटिक महासागरात बुडवली. उलट पक्षी, एकाच जहाजाला दोन नावे असणेही संभवते. कच्छच्या मांडवीहून मुंबईकडे येताना १८८८ च्या नोव्हेंबरात सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ वादळात सापडून जी आगबोट शेकडो उतारूंसह नाहीशी झाली, तिचे दप्तरी नाव ‘वैतरणा’. परंतु तिच्यावर विजेचे दिवे होते म्हणून लोकांनी तिला ‘विजली’ म्हटले, आणि लोकांच्या तोंडी तेच नाव राहिले. कोडे रचणाराही असाच खेळ करतो: एका सूचनेत जहाजाचे नाव देतो, दुसरीत ‘नदीत बुडालेले जहाज’ म्हणतो, तिसरीत ‘टक्कर झालेले जहाज’ म्हणतो, आणि ही तीन जहाजे आहेत की एकच, हे ठरवण्याचा भार आपल्यावर टाकतो.

आता सूचनांची उलटतपासणी करू. पहिली सूचना म्हणते की टक्करीच्या बरोबर पुढील वर्षी पाणतीर लागला. येथे घाई करणारा मनुष्य यादीतील शेजार आणि पंचांगातील शेजार यांची गल्लत करतो; कागदावर १६२९ च्या शेजारी १९१४ आणि १९१५ च्या शेजारी १९४७ लिहिलेले असते, परंतु पहिल्या दोहोंत २८५ आणि दुसऱ्या दोहोंत ३२ वर्षांचे अंतर आहे. ‘बरोबर पुढील वर्ष’ या शब्दांत बसणाऱ्या जोड्या दोनच: १६२८–१६२९ आणि १९१४–१९१५. तेव्हा टक्कर १६२८ किंवा १९१४ साली, पाणतीर १६२९ किंवा १९१५ साली. उरलेल्या सालांवर फुल्या. दुसऱ्या सूचनेलाही हाच न्याय लावला की कलंडणे १६२८ किंवा १९१४ साली, आणि खडक १६२९ किंवा १९१५ साली ठरतो. आता १९४७ च्या रकान्याकडे पाहावे. टक्कर, पाणतीर, कलंडणे, खडक या चौघांवर तेथे फुली पडली आहे. राहिली ती वादळी लाट. १९४७ या सालाचा उच्चार ज्या दोन सूचनांत कोठेही नाही, त्यांनीच त्या सालाचे कारण निश्चित करून दिले.

या ठिकाणी एक मोह आवरावा लागतो. सतराव्या शतकात पाणतीर कोठून आला, म्हणून पाणतीर १९१५ सालचाच, असे म्हणून पुढे जावेसे वाटते. आणि हे म्हणणे इतिहासाच्या दृष्टीने खरेही आहे. तथापि कोड्याच्या कचेरीत ते ग्राह्य नाही, कारण ते सहा साक्षींपैकी एकीच्याही जबानीत आलेले नाही. न्यायाधीशाला एखादी गोष्ट खासगी रीतीने ठाऊक असली, तरी फैसला लिहिताना त्याला दप्तरी असलेल्या पुराव्यावरच लिहावे लागते. तीच शिस्त येथे पाळावयाची. आपल्या माहितीचा उपयोग करावयाचा तो उत्तर हाती आल्यावर, पडताळ्यासाठी. मराठी वाचकाची खरी परीक्षा ‘रामदास’पाशी होते, कोकणातल्या घराघरांतून ज्या अपघाताची आठवण सांगितली गेली, त्याचे साल आणि ठिकाण कागदावर लिहावयास हात शिवशिवतो. तो हात आवरावा.

तिसरी सूचना लांबट आहे, म्हणून तिचे तुकडे पाडावेत. ‘नंतर’ म्हणजे ‘लगेच नंतर’ असा अर्थ नाही. केवळ पुढे कधीतरी. ‘लुसिटानिया’च्या आधी ‘बटाव्हिया’ आणि ‘एम्प्रेस’ आहेत. ‘बटाव्हिया’च्या आधी ‘वासा’ आहे. म्हणजे ‘लुसिटानिया’च्या आधी तीन जहाजे झाली, आणि नंतर ‘रामदास’ आहेच. पाचांच्या रांगेत ज्याच्या पुढे तीन आणि मागे एक, त्याचा क्रमांक चौथा: ‘लुसिटानिया’ १९१५, आणि ‘रामदास’ १९४७. ‘वासा’ आणि ‘बटाव्हिया’ लागोपाठच्या वर्षांत बसली पाहिजेत. १९१५ हे साल आता व्यापले गेले, म्हणून त्यांना १६२८ आणि १६२९ हीच जोडी मिळते. ‘एम्प्रेस ऑफ आयर्लंड’ला १९१४ उरते. एका सूचनेने पाचही सालांचा निकाल लागला, तो क्रम मोजल्यामुळे लागला; म्हणून आधी-नंतरच्या सूचना सुट्या सुट्या वाचू नयेत, त्या एका दोऱ्यात ओवून कोणाच्या पुढे किती आणि मागे किती याची मोजदाद करावी.

चौथी सूचना दुहेरी आहे. तिने टक्कर आणि सेंट लॉरेन्स नदी यांची गाठ घातली, आणि ‘वासा’ला त्या गाठीतून वगळले. टक्कर १६२८ किंवा १९१४ साली झाली हे आपण आधीच लिहून ठेवले आहे. १६२८ चे जहाज ‘वासा’. ते नव्हे, म्हणून टक्कर १९१४ साली झाली आणि ती ‘एम्प्रेस ऑफ आयर्लंड’ची. पहिल्या सूचनेप्रमाणे पाणतीर १९१५ साली, म्हणजे ‘लुसिटानिया’ला लागला. कलंडण्याला १९१४ साल उरले नाही, म्हणून १६२८ आणि ‘वासा’. खडक १६२९ आणि ‘बटाव्हिया’. आणि १९४७ ची वादळी लाट ‘रामदास’ची. एका चौकात मिळालेला होकार दुसऱ्या चौकात नेऊन पोचवणे, म्हणजे साल हे जहाजाचे आणि कारण त्या सालाचे म्हणून कारणही त्या जहाजाचे, हा सगळ्या तक्त्याचा प्राण होय. प्रत्येक नव्या खुणेनंतर सहाही चौकांवरून एकदा नजर फिरवावी.

पाचवी सूचना नुसत्या नकारांची आहे, आणि अशा सूचनेकडे लोक तुच्छतेने पाहतात. तीन कारणे तिने नाकारली, चौथे, टक्कर, चौथ्या सूचनेने नदीकडे दिले, उरले कलंडणे. म्हणून स्टॉकहोमचे बंदर ‘वासा’चे. आपल्या नैयायिकांना ही रीत नवी नव्हती. गौतमाच्या न्यायसूत्रांत अनुमानाचे पूर्ववत्, शेषवत् आणि सामान्यतोदृष्ट असे तीन प्रकार सांगितले आहेत, आणि भाष्यकार वात्स्यायनाने शेषवत् या शब्दाचा एक अर्थ परिशेष असा केला आहे: जितके पक्ष संभवतात तितके मांडावेत, एकेकाचा निषेध करीत जावे, आणि जो उरेल तो स्वीकारावा. मात्र संभाव्य पक्षांची यादी पुरी असली पाहिजे, ही त्यातील अट विसरू नये. कोड्यात कारणे पाचच आणि स्थळे पाचच अशी हमी दिलेली असते म्हणून तेथे परिशेष निर्धोक चालतो. व्यवहारात अशी हमी क्वचितच मिळते, म्हणून तेथे तो जपून वापरावा लागतो.

राहिली सहावी सूचना. नदी आणि स्टॉकहोम यांचा निकाल लागल्यावर तीन स्थळे आणि तीन जहाजे शिल्लक आहेत: ‘बटाव्हिया’ १६२९, ‘लुसिटानिया’ १९१५, ‘रामदास’ १९४७. ऑस्ट्रेलिया आधी, आयर्लंड मध्ये, मुंबई–रेवस शेवटी; त्याच क्रमाने ती त्या जहाजांना लागली, आणि तक्ता पुरा झाला.

आता इतिहासाला दार उघडावे आणि उत्तराची खातरजमा करून घ्यावी. ‘वासा’ ही स्वीडनचा राजा गुस्टाव्हस अडॉल्फस याने बांधवून घेतलेली युद्धनौका. १० ऑगस्ट १६२८ रोजी पहिल्याच सफरीवर निघाली, मैलभरही गेली नाही तोच वाऱ्याच्या झोताने कलली, तोफांच्या उघड्या खिडक्यांतून पाणी आत शिरले, आणि ती स्टॉकहोमच्या बंदरातच बुडाली. १९६१ साली तिला वर काढण्यात आले. ‘बटाव्हिया’ हे डच ईस्ट इंडिया कंपनीचे जहाज जावा बेटावरील बटाव्हियाकडे, म्हणजे आजच्या जकार्ताकडे, चालले होते. ४ जून १६२९ रोजी ते पश्चिम ऑस्ट्रेलियाजवळच्या बेटांच्या प्रवाळावर आदळले. तांड्याचा प्रमुख मदत आणावयास होडीतून बटाव्हियाला गेला असता मागे बेटांवर बंडखोरांनी शंभराहून अधिक वाचलेल्यांची हत्या केली. ‘एम्प्रेस ऑफ आयर्लंड’ २९ मे १९१४ रोजी धुक्यात एका नॉर्वेजियन कोळसावाहू जहाजाशी टक्कर होऊन सेंट लॉरेन्स नदीत सुमारे चौदा मिनिटांत बुडाले. आणि ७ मे १९१५ रोजी न्यूयॉर्कहून लिव्हरपूलकडे येणारे ‘लुसिटानिया’ जर्मन पाणबुडीच्या पाणतीराने आयर्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळ अठरा मिनिटांत तळाला गेले. ‘रामदास’ १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघाली आणि पावसाळ्याच्या खवळलेल्या समुद्रात सहाशेहून अधिक माणसांसह बुडाली. रामदासही कललीच होती, मग तिला कलंडण्याच्या रकान्यात का घालू नये, अशी शंका एखादा चिकित्सक वाचक काढील. कोड्यातील रकाने परस्परांपासून वेगळे मानावयाचे असतात, आणि तेथे कारणाची चौकशी नव्हे, फक्त त्याला दिलेल्या नावाची नोंद करावयाची असते.

उत्तर इतिहासाशी जुळले म्हणून कोडे सुटले, असे मात्र समजू नये. चौथ्या सूचनेतील ‘टक्कर झालेले जहाज वासा नव्हे’ एवढे शब्द वगळून पाहावे. लगेच दुसरे एक उत्तर तितक्याच निर्दोषपणे सिद्ध होते: त्यात ‘वासा’ सेंट लॉरेन्स नदीत टक्कर होऊन बुडते, ‘बटाव्हिया’ला १६२९ साली ऑस्ट्रेलियाजवळ पाणतीर लागतो, ‘एम्प्रेस’ स्टॉकहोमच्या बंदरात कलंडते, आणि ‘लुसिटानिया’ आयर्लंडच्या किनाऱ्यावर प्रवाळावर फुटते. इतिहास या उत्तराला हसेल. उरलेल्या सूचनांपैकी एकही त्याला हरकत घेणार नाही. म्हणून आपले उत्तर बरोबर आहे एवढ्यावर समाधान न मानता, ते एकमेव आहे का, आणि ते एकमेव कोणत्या शब्दांमुळे झाले, हे पाहिल्यावाचून पेन्सिल खाली ठेवू नये.

वाचकांनी हाच प्रयोग सहाव्या सूचनेवर करावा: ती झाकून ठेवावी, आणि उरलेल्या पाच सूचनांना मान्य होतील अशी उत्तरे किती निघतात ते मोजावे. आमच्या हिशोबाने ती सहा होतात. प्रत्येकाने आपला तक्ता आखून ताडून पाहावे.